दारातली दुरुस्ती : फियाट-ॲम्बेसेडरच्या काळातील एका घरगुती विद्येचा इतिहास

भारतीय मोटारउद्योगाचा इतिहास बहुतेक वेळा कारखान्याच्या बाजूने लिहिला जातो. कुणाला परवाना मिळाला, कुणाशी करार झाला, कोणते मॉडेल कधी आले, कारखाना कधी बंद पडला, हे सगळे त्यात असते. पण गाडी कारखान्यात थोडे दिवस असते आणि माणसाच्या दारात वीस-पंचवीस वर्षे उभी राहते. त्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास मात्र फारसा कुणी नोंदवलेला नाही. साधारण १९५५ ते १९९० या काळात मुंबई-पुण्यापासून सोलापूर-नागपूरपर्यंत डॉक्टर, वकील, प्राध्यापक, छोटे व्यापारी अशा मोटार बाळगणाऱ्या घरांतून रविवारी सकाळी बोनेट उघडलेले दिसे. प्लग काढून पुसणे, पॉइंट साफ करणे, बॅटरीत पाणी घालणे, चाक उतरवून ब्रेक बघणे ही कामे मालक स्वतः करी किंवा शेजारी उभा राहून करवून घेई. यंत्राशी ज्यांचा व्यवसायाने काही संबंध नव्हता अशा माणसांना हे ज्ञान का मिळवावे लागले, ते कुठून मिळाले आणि पुढे ते कुठे गेले, हा या लेखाचा विषय आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : ज्या धोरणामुळे आपल्याकडची मोटार तीस वर्षे जवळजवळ बदललीच नाही, त्याच धोरणामुळे ती लोकांना कळू लागली. अर्थशास्त्रज्ञ ज्याला साचलेपण म्हणतात, त्यातूनच दुरुस्तीची एक विद्या वाढली. हे दोन्ही एकाच नाण्याचे भाग असल्याने त्यांचा विचारही एकत्रच करावा लागतो.

गाडी मिळेना, म्हणून सोडवेना

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे मोटारी बनत नव्हत्या. बाहेरून आलेले भाग इथे जुळवले जात. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत असा जुळणीचा कारखाना सुरू केला आणि फोर्डही पाठोपाठ आली. संपूर्ण देशी मोटार बनवण्याचे स्वप्न सर विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात मांडले. ते मुंबई प्रांतात प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्याकडे जाते. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना १९४४ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली क्रायस्लरच्या परवान्याखालची वाहने बाहेर पडू लागली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४च्या सुमारास फियाट ११०० आली. गोल पाठीची आणि पुढची दारे उलटी उघडणारी ही जुनी फियाट मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली. हे नाव प्रेमाचे आहे, ते ठेवणाऱ्यांनी गाडीला कधी हिणवले नाही.

१९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचे आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी त्यानंतर गाशा गुंडाळला. मोटारींच्या बाबतीत मैदानात मुख्यतः तिघे उरले : कुर्ल्याची प्रीमियर, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड. परकीय चलनाची चणचण असल्याने मोटार ही चैनीची वस्तू मानली गेली आणि उत्पादनावर परवान्याची मर्यादा आली. १९७०च्या दशकात साऱ्या देशात वर्षाला पन्नास हजारसुद्धा मोटारी तयार होत नव्हत्या.

१९५९च्या नियंत्रण आदेशाने नव्या गाडीची विक्री नोंदणीच्या रांगेतून होऊ लागली. फियाटची रांग सर्वांत लांब, म्हणजे काही वर्षांची. १९६९ साली सरकारने किमतींवरही कायदेशीर नियंत्रण आणले, कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मोटारीची वाजवी किंमत किती यावर न्यायालयात खल झाला. या सगळ्याचा परिणाम जुन्या गाडीच्या बाजारावर झाला. नवी गाडी सरकारी भावात मिळायला वर्षे लागत, म्हणून थोडी वापरलेली गाडी नव्याच्या अधिकृत किमतीपेक्षा जास्त भावाने विकली जाई. चार मालक बदललेल्या गाडीलाही गिऱ्हाईक असे. अशा वेळी गाडी मोडीत काढण्याचा विचार कोण करणार? ती चालती ठेवणे हाच शहाणपणा होता.

आता या गाड्या मुळातच मजबूत होत्या, असे आज सर्रास म्हटले जाते. तत्कालीन मालकांचे मत तसे नव्हते. दर्जाविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९६७ साली सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. नव्या कोऱ्या गाडीचे बोल्ट आवळून घेणे, गळती बंद करणे, दारे बसवून घेणे ही कामे मालकाच्या माथी येत. तेव्हा ‘जुने ते सोने’ या भावनेने या इतिहासाकडे पाहण्यात अर्थ नाही. गाडी टिकली, कारण ती सतत दुरुस्त होत राहिली.

न बदलणारी गाडी

आता दुसरी बाजू पाहू. ज्या मॉडेलवरून आपली फियाट घेतली ते ११००-डी इटलीत १९६२ साली आले आणि त्याच दशकात बंदही झाले. आपल्याकडे ते १९६४ साली सुरू झाले. १९७२ साली त्याचे नाव ‘प्रेसिडेंट’ झाले, १९७४ पासून ‘पद्मिनी’, आणि ते शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिले. जाळी बदलली, दिवे बदलले, आतली सजावट बदलली. पण १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि गाडीचा सांगाडा मूळचाच राहिला. मॉरिस ऑक्सफर्डवरून १९५७ साली आलेली ॲम्बेसेडर तर २०१४ पर्यंत तयार होत होती.

दुरुस्तीच्या दृष्टीने याचा अर्थ काय? १९६६ साली एखाद्या मुलाने वडिलांच्या शेजारी उभे राहून जे पाहिले, ते १९८६ साली त्याच्या स्वतःच्या गाडीला जसेच्या तसे लागू पडत होते. एका फियाटचा भाग दुसऱ्या फियाटला बसे. भंगारात गेलेल्या एका गाडीवर पाच गाड्या जगत. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरातील सुट्या भागांची दुकाने, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुन्या भागांचा बाजार, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार ही या व्यवहाराची केंद्रे होती. तिथे ‘ओरिजिनल’, ‘लोकल’ आणि ‘जुना पण चांगला’ अशा तीन प्रतींत माल मिळे आणि त्यातले तारतम्य कळणे हा त्या विद्येचाच एक भाग होता.

याच काळात सुट्या भागांचे देशी कारखाने उभे राहिले. बंगळुरूच्या मायकोचे प्लग, मद्रासच्या कारखान्यांतले पिस्टन आणि विजेचे भाग यांमुळे परदेशी मालावाचून अडणे कमी होत गेले. मोठ्या कामांसाठी गावोगावी यंत्रशाळा तयार झाल्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी ओतकाम आणि लेथचे काम करणारे हात शेतीच्या ऑइल इंजिनांवर तयार झाले होते. मोटारीचे इंजिन त्यांना परके नव्हते.

इंजिनाची रचनाच मुळी पुन्हा पुन्हा जगण्याची होती. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा बोर करायचा आणि थोड्या मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे. पुन्हा झिजला की आणखी एक टप्पा. सगळे टप्पे संपले की आत स्लीव्ह घालून मूळ मापावर यायचे. क्रँकशाफ्ट घासून त्याला कमी मापाची बेअरिंगे घालता येत. एका इंजिनाला असे तीन-चार जन्म मिळत. वस्तू झिजणारच हे गृहीत धरून ती केलेली होती.

बोनेटखाली काय चाले

बोअरिंग, क्रँक घासणे, पत्र्याचे मोठे काम हे अर्थात बाहेर जाई. घरी जे होई ते बघण्याचे, पुसण्याचे, घट्ट-सैल करण्याचे आणि कान देऊन ऐकण्याचे काम. त्यात यंत्राची समज किती होती हे काही उदाहरणांवरून दिसेल.

पहिला प्लग. प्लग काढून त्याचे टोक पाहिले की इंजिनाच्या पोटातले कळे. टोक तपकिरी, विटकरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, कार्ब्युरेटर बघा. काळे आणि तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत किंवा व्हॉल्वकडून तेल उतरते आहे. खर्चाची तयारी ठेवा. पांढुरके असेल तर पेट्रोल कमी पडते आहे आणि इंजिन तापते आहे. वैद्याने जीभ पाहावी तसा हा प्रकार होता.

दुसरे, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट. ठिणगी पाडण्यासाठी उघडझाप करणारा हा छोटासा भाग काही हजार किलोमीटरनंतर जळून खडबडीत होई. तो बारीक पॉलिश पेपरने घासायचा, इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा नेमका पुढे आणायचा आणि मग दोन टोकांतले अंतर फिलर गेजने लावायचे. हे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर. गेज नसेल तर हॅकसॉचे पाते किंवा जाड कार्ड वापरून काम भागवत. अंतर चुकले की गाडी ‘मिसिंग’ मारे, चढावर दम तोडे, पेट्रोल खाई. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले तेव्हा या अर्ध्या मिलिमीटरला घरखर्चाच्या वहीत जागा मिळाली.

पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल शिरे आणि सकाळी गाडी सुरूच होत नसे. कोरड्या फडक्याने झाकण आतून पुसले की काम होई. उन्हाळ्यात बोरघाटात किंवा कशेडीच्या चढावर पेट्रोलपंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ होई आणि गाडी मध्येच बंद पडे. पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबणे हाच इलाज. रेडिएटर उकळत असताना त्याचे झाकण उघडू नये, हे घाटात गाडी नेणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी दरडावून सांगितलेले असे. कोकणात आणि मुंबईत गंजाशी झुंज वेगळीच : काढलेले जुने इंजिन ऑइल गाडीच्या पोटाला फासून ठेवण्याची पद्धत तिथे होती.

आणि ब्रेक. फियाटला चारही चाकांना ड्रमचे हायड्रॉलिक ब्रेक होते. नळीत हवा शिरली की पॅडल स्पंजासारखे दबे. ती हवा काढायला एकटा माणूस पुरत नाही. एकाने आत बसून पॅडल दाबून धरायचे. दुसऱ्याने चाकापाशी झोपून निपल सैल करायचा, बुडबुडे येऊ द्यायचे, पुन्हा आवळायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. ‘दाब… धर… सोड’ या तीन शब्दांची ही जुगलबंदी चारही चाकांना चाले. आत बसणारा बहुधा घरातला मुलगा असे, मुलगी असे, कधी बायको. ब्रेकमध्ये हवा का नको आणि तेल का हवे, हे त्या पायाला आधी कळे आणि डोक्याला नंतर. घरात ही विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याचा माझ्या मते हाच मुख्य मार्ग होता. ज्या कामाला दोन माणसे लागतात, ते काम शिकवावेच लागते.

विद्या कुणाची?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोटार बाळगणारे लोक त्या काळात अगदी थोडे होते, आणि मालकाला जे कळत होते ते बहुतेक त्याने कुणाकडून तरी उचललेले होते. तो ‘कुणीतरी’ म्हणजे ड्रायव्हर, फिटर आणि गॅरेजवाला मिस्त्री.

त्यांच्या शिक्षणाच्या शाळा निरनिराळ्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला हजारो वाहने सांभाळणारे हात लागले. १९४३ साली सैन्यात विद्युत आणि यांत्रिक अभियंत्यांचे स्वतंत्र दल उभे राहिले, आणि सैन्यात अशी वाहने सांभाळलेले लोक निवृत्तीनंतर गावोगावी गॅरेजमधून दिसू लागले. दुसरी शाळा एसटीची. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे तिच्या मध्यवर्ती कार्यशाळा आणि जिल्ह्याजिल्ह्यांत आगारे उभी राहिली. मोटारदुरुस्तीचे शिस्तीचे वळण महाराष्ट्राला कुठे मिळाले असेल, तर ते या आगारांत. तिसरी शाळा १९५०च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आलेल्या आयटीआयची.

चौथी शाळा सर्वांत मोठी होती आणि तिला ना पाटी होती ना प्रमाणपत्र. ती म्हणजे गॅरेजमधला पोऱ्या. दहा-बारा वर्षांचा मुलगा आधी चहा आणी, मग रॉकेलमध्ये नट-बोल्ट धुई, मग ‘बारा-तेराचा पान्हा दे’ म्हटले की न बघता तो पान्हा हातात ठेवी. काही वर्षांनी तोच मिस्त्री होई. त्याचे शिक्षण मार खात आणि ग्रीसने माखून झाले. शाळा त्याने सोडलेली असे किंवा पाहिलेलीच नसे. ब्रेकच्या लायनिंगची ॲस्बेस्टॉसची धूळ तो तोंडाने फुंकून उडवी. रविवारच्या उघड्या बोनेटची आठवण काढताना या मुलांना विसरता येणार नाही. मालकाची हौस आणि काटकसर त्यांच्या स्वस्त श्रमावर उभी होती.

गॅरेजची मराठी

पुस्तकात ‘अंतर्ज्वलन एंजिन’ असा शब्द आहे. मराठी विश्वकोशात त्याची नोंदही आहे. गॅरेजने मात्र आपली भाषा स्वतः घडवली. इंजिन ‘उतरवतात’ आणि ‘बांधतात’. गाडी ऑइल ‘खाते’, पाणी ‘पिते’, धूर ‘सोडते’. कार्ब्युरेटरमध्ये ‘कचरा येतो’. सेल्फ ‘उचलत नाही’. पत्र्याच्या खड्ड्यात ‘लांबी भरतात’. घरांच्या लाकूडकामातला हा जुना शब्द मोटारीच्या रंगकामात सहज जाऊन बसला.

‘स्टेपनी’ या शब्दाची गोष्ट तर जगाच्या पाठीवरची आहे. वेल्समधल्या लानेली गावी १९०४ साली जादा चाकाची कल्पना एका कारखान्याने बाजारात आणली. त्या गावातल्या स्टेपनी रस्त्यावरून चाकाला नाव पडले. इंग्लंडात तो शब्द केव्हाच मागे पडला. आपल्याकडे मात्र कोणत्याही खेड्यातल्या पंक्चरवाल्याच्या तोंडी तो आजही आहे. हे शब्द कुठल्या परिभाषा समितीने दिले नाहीत. शब्द लोकांनी घडवले याचा अर्थ यंत्र लोकांच्या ताब्यात आले होते.

झाकण बंद झाले

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती गेली. तिलाही कार्ब्युरेटरच होता, पण तिचे बोनेट दर रविवारी उघडावे लागत नसे. ती सकाळी सुरू होई, घाटात उकळत नसे. हा खरा दिलासा होता आणि लोकांनी तो आनंदाने स्वीकारला. दुरुस्ती हा मालकाचा छंद असता तर लोकांनी जुनी गाडी सोडली नसती. त्यांनी ती सोडली, कारण ती सक्ती होती.

पुढचा बदल हवेच्या शुद्धतेसाठी आला आणि तोही योग्यच होता. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक धूरशोधक आणि शिसेविरहित पेट्रोल आले. २००० साली देशभर नवे उत्सर्जन निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटर जाऊन संगणक-नियंत्रित इंधन-फवारणी आली. कितीही कसबी हाताने लावलेला कार्ब्युरेटर या निकषांना पुरा पडणारा नव्हता. मुंबईच्या जुन्या टॅक्सी उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर सीएनजीवर गेल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी संपली.

इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. तक्रार पुढच्या टप्प्याविषयी आहे. यंत्र गुंतागुंतीचे झाले म्हणून ते मालकाला कळेनासे होणे वेगळे, आणि ते त्याला कळू नये अशी व्यवस्था होणे वेगळे. आज बिघाड संगणक सांगतो, पण तो वाचण्याचे उपकरण, दुरुस्तीची माहितीपुस्तिका आणि अस्सल सुटे भाग कुणाच्या हाती असावेत? हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणी मिळू न देणे, हा आक्षेपाचा गाभा होता. पुढे अपिले झाली आणि वाद लांबला. २०२२ साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने एक संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. जी गोष्ट १९७०च्या दशकात नाना पेठेतल्या दुकानात पैसे मोजून मिळत होती, तिच्यासाठी आज हक्काची भाषा करावी लागते, हा या पन्नास वर्षांचा प्रवास आहे.

कायद्याने खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मूळ रूपात जपलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळे नियम झाले. म्हणजे डुक्कर फियाट आता वारशात जमा झाली. गाडी जपली जाईल याची मला चिंता नाही. शौकीन लोक ती जपतील, रंगवतील, मिरवणुकीत नेतील. प्लगचे टोक पाहून निदान करणारा, टॅपेटचा आवाज कानाने मोजणारा मिस्त्री मात्र आज सत्तरी-ऐंशीत आहे आणि त्याने काहीच लिहून ठेवलेले नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या घरात जुन्या गाडीचे सर्व्हिस बुक, सुट्या भागांच्या पावत्या, किलोमीटर आणि पेट्रोलच्या नोंदींची वही असेल तर ती रद्दीत देऊ नका. त्या वहीत कुठला भाग किती दिवस टिकला, काय भावाने मिळाला, कुणी बसवला याची नोंद असते. कारखान्याच्या दप्तरात ती सापडणार नाही. आणि गल्लीच्या टोकाला एखादा जुना मिस्त्री अजून असेल, तर त्याच्याजवळ तासभर बसून तो काय सांगतो ते टिपून घ्या. त्याचे शब्द जसे असतील तसेच लिहा. शुद्ध करायला जाऊ नका.